समुद्राची निळाई, रक्तातले लोह आणि रामन परिणाम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या २८ फेब्रुवारीच्या अंकात राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. जिल्ह्यातील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांची छायाचित्रे आणि सोबत रामन यांचे चरित्र इतक्या ठळकपणे छापल्याबद्दल आपले आभार मानायला हवेत. मात्र त्या लेखात 'समुद्राचे पाणी निळे का दिसते, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे रामन परिणाम' असे एक वाक्य आहे आणि ते चुकीचे आहे. हेच वाक्य दरवर्षी शाळांतील भाषणांत, फलकांवर आणि प्रश्नमंजूषांत ऐकायला मिळते. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. त्याआधी पीएच.डी.साठी मी रामन वर्णपटाच्या, म्हणजे रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखाच्या, साहाय्याने हीम-प्रथिनांवर, म्हणजे हिमोग्लोबिन आणि त्याच्या गोतावळ्यातील प्रथिनांवर, काम केले होते. त्यामुळे ही चूक दुरुस्त करावी आणि तिच्यापायी जे सांगायचे राहून जाते तेही सांगावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, परंतु दोन ओळींच्या खुलाशात हा विषय मावत नाही.

आधी समुद्राविषयी. १९२१ साली ऑक्सफर्ड येथील विद्यापीठ परिषद आटोपून रामन 'नारकुंडा' या बोटीने परतत होते. समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब, असे मत तेव्हा लॉर्ड रॅले यांच्यासारख्या अधिकारी शास्त्रज्ञाने मांडलेले होते. रामन यांनी बोटीच्या डेकवर उभे राहून निकोल प्रिझममधून पाण्याकडे पाहिले. पृष्ठभागावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश त्या प्रिझमने अडवला, तरी निळाई कमी झाली नाही, उलट ती अधिकच गडद दिसली. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाशाचे विकिरण करतात, म्हणजे तो विखुरतात, हा त्याचा अर्थ होता, आणि त्याविषयीचे टिपण रामन यांनी बोट मुंबई बंदरात असताना २६ सप्टेंबर १९२१ या तारखेने 'नेचर' नियतकालिकासाठी लिहिले. या विकिरणात प्रकाश दिशा बदलतो, परंतु त्याची तरंगलांबी तीच राहते. लालपेक्षा निळा प्रकाश जास्त विखुरला जातो आणि शिवाय पाणी लाल प्रकाश थोडा शोषून घेते, म्हणून समुद्र निळा दिसतो. यात रामन परिणाम कुठेही नाही.

रामन परिणाम सापडला त्यानंतर सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, कोलकात्याच्या बहूबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी भिंगाने एकवटलेला सूर्यप्रकाश निळ्या-जांभळ्या गाळणीतून द्रवावर सोडला आणि विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशाखेरीज दुसऱ्या तरंगलांबीचा एक अतिशय अंधुक अंश आहे, हे दाखवून दिले. सुमारे साठ द्रवांत त्यांना तो दिसला. प्रकाशाचा कण रेणूवर आदळताना आपल्याजवळची थोडी ऊर्जा रेणूला देऊन जातो, रेणू तेवढ्या ऊर्जेने कंप पावू लागतो आणि प्रकाश तेवढाच लालीकडे सरकून बाहेर पडतो. किती सरकला हे मोजले की रेणूतील कोणता बंध कोणत्या वारंवारतेने कंप पावतो ते कळते. मिरजेच्या तंबोऱ्याची तार छेडल्यावर ती किती ताणलेली आहे आणि किती जाड आहे हे जाणकाराला डोळे मिटूनही समजते, तसेच हे आहे. म्हणजे १९२१ चा प्रश्न समुद्राच्या रंगाचा होता आणि १९२८ मध्ये हाती आले ते रेणूंचे कंपन ऐकण्याचे साधन. एका शोधाने दुसऱ्याची वाट दाखवली हे खरे, पण म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

आता ही चूक मला एवढी का खुपते, ते सांगते. रामन परिणाम म्हणजे समुद्राची निळाई, असे मुलांच्या मनात एकदा बसले की ती गोष्ट तिथेच संपते. बोट, समुद्र, नोबेल पारितोषिक आणि टाळ्या. त्या साधनाने पुढे कोणी काय वाचले, हा प्रश्न कोणाच्या मनात येतच नाही. खरे तर मुलांना सांगण्यासारखे सगळे तिथूनच सुरू होते. त्याचे एकच उदाहरण मी घेते, कारण ते मी स्वतःच्या हातांनी हाताळले आहे आणि ते आपल्या प्रत्येकाच्या अंगात वाहते आहे.

आपल्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश एकट्या हिमोग्लोबिनमध्ये असते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीच्या घडीत एक हीम बसलेले असते. हीम ही एक सपाट चकती आहे. तिच्या मधोमध चार नायट्रोजन अणूंनी धरून ठेवलेला लोहाचा एक अणू असतो, आणि सगळे मिळून त्या चकतीत अवघे पाऊणशे अणू असतात. खालच्या बाजूने प्रथिनातील हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल लोहाला धरून असते आणि वरची बाजू ऑक्सिजनसाठी मोकळी असते. आपण घेतलेला प्रत्येक श्वास त्या मोकळ्या जागेवर येऊन टेकतो.

हे पाऊणशे अणू हजारो अणूंच्या प्रथिनात दडलेले असताना त्यांचेच कंपन वेगळे कसे ऐकायचे, हा मोठाच पेच होता. रामन प्रकाश मुळातच अत्यंत अंधुक असतो, एक कोटी प्रकाशकणांमागे जेमतेम एखादा. तोही प्रथिनाच्या सगळ्या अणूंचा एकत्र आला तर त्या गोंगाटातून काही उमगणार नाही. येथे हीमचा रंग मदतीला आला. हीम ४०० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश फार जोरात शोषून घेते, हे जॅक-लुई सोरे यांनी १८८३ मध्येच नोंदवले होते. नेमक्या त्याच पट्ट्यातील लेसर किरण द्रावणावर सोडला, तर फक्त हीमचे रामन विकिरण हजारो पटींनी वाढते आणि बाकीचे प्रथिन गप्प राहते. महाद्वार रोडवर सणाच्या गर्दीत कोणी नावाने हाक मारली की त्या नावाचा माणूस तेवढा वळून पाहतो, तसे हे घडते. याला अनुस्पंदी रामन विकिरण म्हणता येईल. १९६० मध्ये लेसर आला, तेव्हा हे शक्य झाले.

१९७२ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ थॉमस स्पायरो आणि त्यांचे सहकारी स्ट्रेकस यांनी हिमोग्लोबिन आणि सायटोक्रोम-सी या दोन हीम-प्रथिनांचे असे वर्णपट प्रसिद्ध केले. काही रेषांमध्ये प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची, म्हणजे त्याच्या कंपनाच्या दिशेची, एक उलटी खूण दिसली. अशी खूण दिसू शकेल असे भौतिकशास्त्रज्ञ प्लाचेक यांनी १९३४ मध्ये कागदावर मांडून ठेवले होते, पण तोवर ती कोणाला दिसलेली नव्हती. ती सापडली रक्ताच्या रंगद्रव्यात. रामन यांचे निधन २१ नोव्हेंबर १९७० रोजी झाले. दोन वर्षे आधी ते गेले, हे वाचताना मला आजही हळहळ वाटते.

या वर्णपटातील एक रेष सर्वांत उपयोगी आहे. हीममधील लोह फेरस अवस्थेत असेल आणि त्यावर ऑक्सिजन नसेल, तेव्हा ती १३५७ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येच्या, म्हणजे प्रकाश किती सरकला त्याच्या मापाच्या, जवळपास दिसते. लोह फेरिक झाले, म्हणजे त्याने आणखी एक इलेक्ट्रॉन गमावला, की ती १३७० च्या पुढे जाते. फरक अवघा पंधरा-वीस एककांचा, पण तेवढ्यावरून लोहाजवळ किती इलेक्ट्रॉन आहेत याचा अंदाज येतो. नवल म्हणजे ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनमध्येही ही रेष १३७५ च्या आसपास, म्हणजे फेरिक लोहासारखीच दिसते. ऑक्सिजन घेताना लोह आपल्याजवळचा एक इलेक्ट्रॉन त्याच्याकडे झुकवते की नाही, यावर रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या काळापासून वाद होता. ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन झुकतो, या मताला या रेषेने मोठे बळ दिले. प्रत्येक श्वासागणिक हा इलेक्ट्रॉन झुकतो आणि ऑक्सिजन सुटताना परत येतो. मी जेव्हा हे पहिल्यांदा समजून घेतले, तेव्हा कितीतरी वेळ वहीसमोर नुसती बसून राहिले होते.

दुसरी रेष याहून सूक्ष्म आहे आणि मला ती अधिक जवळची वाटते. ऑक्सिजन नसताना लोहाचा अणू चकतीच्या पातळीतून सुमारे ०.०४ नॅनोमीटर हिस्टिडिनच्या बाजूला सरकलेला असतो. ऑक्सिजन येताच तो चकतीत परत येतो आणि हिस्टिडिनला आपल्यामागे ओढतो. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना उलगडली आणि त्यावरून असे मांडले, की एका हीममधील एवढ्याशा हालचालीने चारही साखळ्यांची ठेवण बदलते, आणि म्हणून पहिला ऑक्सिजन बसल्यावर पुढचे अधिक सहज बसतात. जॉन केंड्र्यू यांच्यासह त्यांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु लोह आणि हिस्टिडिन यांच्यातील ओढ खरोखरच बदलते का, हे मोजायचे कसे? जपानमध्ये तेइझो कितागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या लोहाऐवजी लोहाचे हलके समस्थानिक हीममध्ये घातले आणि २२० च्या आसपासची एक रेष किंचित वर सरकते असे दाखवले. वजन कमी केल्यावर सूर चढला, म्हणजे तो सूर लोहाच्याच बंधाचा. त्यानंतर असे दिसून आले, की हिमोग्लोबिन शिथिल, म्हणजे ऑक्सिजन सहज धरणाऱ्या, ठेवणीत असताना ही रेष २२० च्या जवळ असते आणि ताणलेल्या, म्हणजे ऑक्सिजन सहज सोडणाऱ्या, ठेवणीत ती २१५ पर्यंत उतरते. येथे तंबोऱ्याचा दाखला जरा सांभाळून वापरायला हवा, कारण ताण आहे तो साखळ्यांच्या घडणीत. ती घडण हिस्टिडिनला मागे खेचून धरते, त्यामुळे त्याचा लोहाशी असलेला बंध सैल पडतो आणि सूर उतरतो. पाच एककांच्या या फरकात आपले रक्त फुप्फुसात ऑक्सिजन का उचलते आणि स्नायूंपाशी तो का सोडते, याचे बरेचसे उत्तर आहे.

हे सगळे वाचायला सोपे वाटते, करायला नाही. मी संशोधन करत होते तेव्हा आजच्यासारखा वर्णपट संगणकाच्या पडद्यावर क्षणात उमटत नसे. रक्तपेढीतून मुदत संपलेल्या रक्ताची पिशवी आणायची, तांबड्या पेशी मिठाच्या पाण्याने धुवायच्या, पाण्यात फोडायच्या, अपकेंद्री यंत्रात फिरवून गाळ काढायचा आणि हे सगळे बर्फात ठेवून करायचे. मग अंधाऱ्या खोलीत लेसर लावून वर्णपटमापक एकेक पायरी सरकवायचा. रेखक यंत्राची निबाची पेन कागदाच्या गुंडाळीवर सरकत राहायची आणि एक वर्णपट पुरा व्हायला अर्धा तास लागायचा. पेनमधील शाई वाळली तर पुन्हा पहिल्यापासून.

कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या हिमोग्लोबिनचा वर्णपट घ्यायला मी पहिल्यांदा बसले, तेव्हा रेष १३७२ च्या आसपास यायला हवी होती. आली ती १३५७ ला. नमुना खराब झाला असे समजून मी दुसरा केला, मग तिसरा. नळीचे रबरी बूच बदलले, वायूची नळी बदलली. तीन दिवस तेच. नळी लेसरसमोरून काढून उजेडात धरली की द्रावण अगदी व्हायला हवे तसे चेरीसारखे लाल, आणि लेसरसमोर ठेवली की वर्णपट मात्र वायू नसलेल्या हिमोग्लोबिनचा. चौथ्या दिवशी आमच्या मार्गदर्शकांनी नळीकडे न पाहता लेसरच्या शक्तीचा आकडा विचारला, आणि मग समजावून सांगितले, की लेसरचा प्रकाशच लोहावरून कार्बन मोनॉक्साइड उडवून लावतो आहे. किरण जिथे पडतो तेवढ्या ठिपक्यापुरते द्रावण बदलते आणि वर्णपटमापक फक्त तो ठिपका पाहतो. मी लेसरची शक्ती कमी केली आणि नळी गोल फिरत राहील अशी बसवली, तशी प्रत्येक थेंबावर किरण क्षणभरच पडू लागला, आणि पेन १३७२ ला वर चढली. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. मोजणाऱ्याचा प्रकाश मोजल्या जाणाऱ्या वस्तूला बदलून टाकतो, हे मी पुस्तकातून शिकले असते तर विसरले असते.

या कार्बन मोनॉक्साइडविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तो आपल्या घरांतही आहे. हा वायू लोहाच्या त्याच मोकळ्या जागेवर बसतो आणि ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बसतो. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावला किंवा थंडीत खोली बंद करून शेगडी पेटती ठेवली, की जळण अपुरे होऊन तो तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या नात्यातील एक मुलगी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. तिला एका रुग्णालयात नेले, तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्रावर ९८ हा आकडा दिसत होता, आणि ऑक्सिजन उत्तम आहे, अशक्तपणा असेल, असे म्हणून तिला घरी पाठवण्याची तयारी सुरू झाली होती. एका वयस्कर परिचारिकेने सहज विचारले, 'ताई, तुमचा गिझर गॅसचा आहे का?' त्या एका प्रश्नाने सगळे बदलले आणि तिला ताबडतोब मुखवट्याने शुद्ध ऑक्सिजन देण्यात आला. त्या रुग्णालयाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. बोटाला लावायचे यंत्र ६६० आणि ९४० नॅनोमीटर अशा दोनच तरंगलांबींवर रक्ताचा रंग मोजते, आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्त ६६० ला ऑक्सिजन धरलेल्या रक्तासारखेच दिसते. यंत्राला तो फरक दिसणे शक्यच नव्हते. त्यासाठी रक्त काढून अनेक तरंगलांबींवर मोजणारे को-ऑक्सिमीटर लागते. रामन वर्णपटात हा फरक लपत नाही, कारण तेथे लोह आणि कार्बन यांच्यातील बंधाची स्वतःची रेष ५०० च्या थोडी वर उमटते, आणि ऑक्सिजनच्या बंधाची रेष निराळी, ५७० च्या आसपास असते. रुग्णालयात त्यासाठी रामन यंत्र वापरत नाहीत, हे मला माहीत आहे. परंतु रंग सारखा दिसला तरी बंध निराळा असू शकतो, ही समज ज्या मुलाला शाळेत आली, तो पुढे डॉक्टर होवो वा न होवो, न्हाणीघराची खिडकी नक्की उघडी ठेवील.

हीमचे रंग पाहायला प्रयोगशाळेतच जावे लागते असेही नाही. कोल्हापुरात मटणाच्या दुकानासमोर रविवारी सकाळी रांग लागते. तेथे लालभडक मटण ताजे आणि काळपट मटण शिळे, असे बहुतेकांना वाटते. पण मोठा तुकडा मधून कापला की आतला भाग क्षणभर जांभळट दिसतो. स्नायूंतील मायोग्लोबिन या हीम-प्रथिनाला आत ऑक्सिजन मिळालेला नसतो, म्हणून तो रंग. हवा लागली की थोड्याच वेळात तोच भाग लाल होतो आणि बराच वेळ उघड्यावर राहिला की लोह फेरिक होऊन तो तपकिरी पडतो. लोहाच्या तीन अवस्था एकाच पाटावर पाहायला मिळतात. तांबड्या रश्श्याचा तांबडा रंग मात्र हीमचा नव्हे, तो मिरचीतील कॅरोटिनॉइड द्रव्यांचा आहे, आणि तीही रामन वर्णपटात फार ठळक रेषा देतात. विद्यार्थ्यांना मी हे सांगत असे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही वही उघडत.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी याहून चांगले उदाहरण आहे. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन आणि भुईमूग सगळीकडे होतो. श्रावणात सोयाबीनचे रोप मुळासकट हलकेच उपटून माती धुतली, की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यातील एक गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी-लाल रंग दिसतो. ते लेगहिमोग्लोबिन, वनस्पतीतील हिमोग्लोबिन. त्या गाठीत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन पिकासाठी बांधतात. त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन हवा असतो, पण नायट्रोजन बांधणारे त्यांचे विकर मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होते. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरते, मोकळा फिरू देत नाही आणि जिवाणूंना हवा तेवढा पोचवते. गाठ आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे, हिरवट झाली असेल तर तिचे हीम मोडले आहे. म्हातारे शेतकरी गाठ फोडून पाहतात, ते याच कारणाने. आपल्या बोटातले रक्त आणि सोयाबीनच्या मुळातली गाठ यांत तीच लोहाची चकती आहे आणि लेसरच्या प्रकाशात दोन्ही ठिकाणी त्याच ओळखीच्या रेषा उमटतात. याहून अधिक विस्मयकारक असे काही मी माझ्या विषयात पाहिलेले नाही.

या क्षेत्रात पुढे पुष्कळ झाले. आपल्या पेशींत ऑक्सिजनचे शेवटी पाणी करणारे सायटोक्रोम-सी ऑक्सिडेज हेही हीम-प्रथिन आहे, आणि ते काम करत असताना क्षणभरच टिकणाऱ्या त्याच्या अवस्था रामन वर्णपटाने टिपल्या गेल्या आहेत. यकृतात औषधांची विल्हेवाट लावणारे सायटोक्रोम पी-४५० त्याच कुळातले. आणि जेथे रामन परिणाम सापडला, ती कोलकात्याची संस्था आता जादवपूरला आहे, आणि तेथील रसायनशास्त्रज्ञ आजही लोहाच्या अशाच चकत्यांवर रामन वर्णपटानेच संशोधन करत आहेत. विज्ञान दिनाच्या पानावर ही बातमी यायला काय हरकत आहे?

आता माझ्या विनंत्या. पहिली आपल्या दैनिकाला. समुद्राच्या निळाईविषयीची दुरुस्ती त्याच पानावर छापावी, आणि पुढील वर्षी या दिवशी चरित्राइतकीच जागा या साधनाने काय वाचले जाते यासाठी द्यावी. तसा मजकूर मराठीत लिहू शकणारे संशोधक येथे आहेत, त्यांना कोणी विचारत नाही एवढेच. विकिरण, वर्णपट, समस्थानिक हे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत, वृत्तपत्रांनी ते वापरले तरच ते जिवंत राहतील.

दुसरी विनंती शहरातील महाविद्यालयांना आणि विद्यापीठाच्या विभागांना. ज्यांच्याकडे रामन वर्णपटमापक आहे, त्यांनी वर्षातून काही दिवस तो शाळेच्या आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी खुला करावा. मला ठाऊक आहे, की उपकरण महागडे असते, संशोधक विद्यार्थ्यांच्या नोंदी आठवडे आधी झालेल्या असतात आणि चाळीस मुले अंधाऱ्या खोलीत सोडणे सोपे नाही. लेसरची काळजी तर घ्यावीच लागते, डोळ्यांच्या बाबतीत जराही हयगय चालत नाही. तरीही पाच-पाच मुलांचे गट करून, वर्णपट आधी घेऊन ठेवून आणि एखादा त्यांच्यासमोर घेऊन हे करता येईल. आणि त्यासाठी २८ फेब्रुवारीचाच आग्रह नको. सोयाबीनच्या गाठी श्रावणात मिळतात, तेव्हा मुलांनी आपल्या शेतातून आणलेल्या गाठीचा रस यंत्रात ठेवावा आणि पडद्यावर रेष चढताना त्यांनीच पाहावी. ज्या मुलीने सकाळी स्वतःच्या हाताने रोप उपटले आहे, तिला तो वर्णपट कधी परका वाटणार नाही.

तिसरी विनंती शिक्षकांना आहे आणि ती अगदी छोटी आहे. ज्यांच्या शाळेला यंत्रापर्यंत पोचता येणार नाही, त्यांनी गाठ फोडून दाखवावी. त्याला पैसे लागत नाहीत.

कार्बन मोनॉक्साइडचा तो जुना आलेख, तीन दिवसांच्या चुकीच्या वर्णपटांसह, माझ्याकडे कागदाच्या गुंडाळीवर आहे. १३५७ ची रेष आणि तिच्याखाली चौथ्या दिवशीची १३७२ ची रेष हाताने लिहिलेल्या तारखांसह त्यावर दिसते. शाई थोडी फिकट झाली आहे, पण वाचता येते. जिल्ह्यातील ज्या शाळेला तो पाहायचा असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी गुंडाळी घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापिका,
राजारामपुरी, कोल्हापूर